देवाच्या माथी मारलेली मेंढरं

मागच्या भाद्रपदात एका सकाळी आबांची सून आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. आबा म्हणजे गावाच्या वरच्या अंगाला राहणारे मेंढपाळ. नात्याने ते माझे कोणी नाहीत, पण वडवणी-तेलगावच्या मधल्या आमच्या त्या लहानशा गावात त्यांना सगळेच आबा म्हणतात. सून तलवाड्याकडची, मेंढरांच्याच घरातली. बोलायला धीट.

"काका, तुमच्याकडं काम हाय एक. माझा बाप मला मेंढरं द्यायलाय. लई न्हाईत, बारका कळप. पण आबा दारात उभी करू देत न्हाईत."

"कावून?"

"म्हणतेत, ह्या घराला मेंढरू लाभत न्हाई. माझ्या कर्माचा भोग लेकरांच्या पदरात कावून टाकू?" तिने पदराने कपाळ पुसलं. "दसरा झाला की टोळ्या निघतेत ऊसतोडीला. मेंढरं आली तर आमी दोघं हितंच ऱ्हातो. पोरगी आत्ताच शाळंत जायला लागली हो. न्हाई आली तर तिला बी घेऊन फडात. मागच्या साली तिकडं तिला ताप आलता, पालात पाणी गळत होतं. मला न्हाई न्यायची आता तिला."

माझ्या गप्प राहण्याची गावाला सवय आहे. मोजकं बोलतो म्हणून माझ्या शब्दाला वजन आहे, असं लोक म्हणतात. ती पुढे म्हणाली, "तुमचं ऐकतेत ते. घरात बी म्हणतेत, मालक खोटं बोलायचा माणूस न्हाई. तुमी एकडाव सांगून बघा."

मी "बघतो" म्हणालो. ती गेली. बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सूप उचललं आणि आत गेली.

आता जे सांगायचं ते सांगतो. उशीर फार झालाय, पण सांगतो.

दहा-बारा वर्षं झाली त्याला. त्या साली मी कापसाची फरदड ठेवली होती. म्हणजे वेचणी संपल्यावर पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी द्यायचं, पुन्हा बोंडं येतील म्हणून वाट बघायची. बोंडं आली आणि त्यात अळी पडली. मी जालीम औषध आणलं, फवारलं, आणि दोन दिवसांत कळून चुकलं की ह्यातून काही निघायचं नाही. रान मोकळं करायला हवं होतं. आमच्याकडं अशा वेळी मेंढरं बोलावतात. दिवसा ती पाला, बोंडं, जे असेल ते खातात, रात्री त्याच रानात बसतात, आणि त्यांच्या लेंड्यांनी जमीन पुढची दोन-तीन पिकं खूश असते. बदल्यात मेंढपाळाला दाणे द्यायचे. ही रीत आमच्या आज्यापणज्यापासूनची.

त्या वर्षी आबांचा कळप माझ्या चुलतभावाच्या रानात जायचा होता. मी थांबा म्हणालो असतो तर आठ-पंधरा दिवस कळप तिकडं गेला असता आणि तिथून पुढं कुठं गेला असता कोण जाणे. मला खत हवं होतं. एवढंच. माझ्या पापाचं मूळ शोधायला गेलो तर हाती लेंड्या लागतात. हसू येतं, पण खरं आहे.

मेंढपाळ रानात पाय टाकण्याआधी बांधावर थांबून विचारतो. आबांनी पण विचारलं, "मालक, फवारा कवा मारला?"

"कवाचाच," मी म्हणालो. "महिना होऊन गेला."

ऊन कडक पडलंय, विष उडून गेलं असेल, असं मी मनाशी म्हणालो होतो. म्हणजे मनाला शंका होती. शंका नसती तर मनाशी बोलायची गरजच पडली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. मी गेलो तेव्हा अर्ध्याहून जास्त कळप आडवा होता. तोंडाला फेस, पाय झाडत होती काही. आबा एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि तिच्या तोंडात ताक ओतत होते, ते बाहेर येत होतं. त्यांची बायको, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती एकेका मेंढीला नावानं हाका मारत फिरत होती. जनावरांचे डॉक्टर आले. बघून म्हणाले, "हे काहीतरी खाण्यातून गेलंय. फवारणी कधी केली होती?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिथं चुलतभाऊ होता, बघे होते, आबा होते.

"महिना झाला," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, तपासायला पाठवू. तर आबांनीच हात केला. "ऱ्हाऊ द्या साहेब. मालक खोटं न्हाई बोलायचे. हे कशानं झालं ते मला ठावं हाय."

त्यांना ठाऊक होतं ते असं. आदल्या वर्षी मावशीच्या पोटाचं ऑपरेशन करावं लागलं. कळपात एक एडका देवाच्या नावानं सोडलेला होता. असा नर कापायचा नाही, विकायचा नाही. तो म्हातारा होऊन आपल्या मरणानं मरतो. आबांनी तो बाजारात विकला आणि बायकोला वाचवलं. हे गावात कोणाला माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मेलेल्या मेंढरांमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं. ऐकताच लोकांच्या माना हलल्या. देवाचा एडका विकला, देवानं कळप नेला. करावं तसं भरावं. डॉक्टरांनी पिशवी बंद केली.

आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

आबांनी उरलेली मेंढरं विकून टाकली. त्या वर्षीपासून पायात वहाण घालायची सोडली. मुलगा मोठा झाला तसा ऊसतोडीला जाऊ लागला. मी मात्र गावात चांगलाच मोठा झालो. दर सुगीला आबांच्या घरी ज्वारीचं पोतं पाठवायचो. मुलाच्या लग्नात मंडप मी दिला. लोक म्हणायचे, ज्याच्या रानात झालं त्याचा काही दोष नसताना बघा कसा करतो बिचारा. मी ऐकून खाली बघायचो, ते पण लोकांना आवडायचं.

एकदा सप्त्यात कीर्तन होतं. बुवा लांबचे होते, पण कोणीतरी त्यांना गावातली गोष्ट पुरवली असावी. नाव न घेता त्यांनी दाखला दिला, "देवाच्या वस्तूला हात लावला की काय होतं ते तुमच्या गावाला मी कशाला सांगू?" पुढे बसलेल्या आबांनी दोन्ही हात जोडून कपाळ जमिनीला टेकवलं. मावशी बायकांत बसली होती; तिने पदर डोळ्यांवर ओढला. कीर्तन संपल्यावर बुवांना शाल-नारळ द्यायचा मान माझा होता. दिला मी.

कर्म हा शब्द आमच्याकडं दिवसातून दहादा तोंडात येतो. दूध नासलं तरी कर्म, एसटी चुकली तरी कर्म. पण कोणाच्या घरावर खरं संकट आलं की हाच शब्द गावाला भारी सोयीचा पडतो. त्याचं त्याच्या पदरात पडलं, असं म्हटलं की बघणाऱ्याला जाऊन चौकशी करायची गरज उरत नाही. मला तर तो शब्द पांघरुणासारखा मिळाला होता.

सून येऊन गेल्यावर आठवडाभर मला जेवण गेलं नाही. मग मी वकील शोधतात तसा माझ्या बाजूनं बोलणारा माणूस शोधायला निघालो.

वडवणीत ज्यांच्याकडून मी बियाणं घेतो ते दुकानदार जैन आहेत. मी गेलो तर ते गल्ल्यावरून उठले, हात जोडले, म्हणाले, "वर्षभरात जाणता-अजाणता तुम्हाला दुखावलं असेल तर माफ करा." त्यांचे पर्युषणाचे दिवस नुकतेच झाले होते. दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला ते असंच म्हणत होते, हमालाला पण.

मी म्हणालो, "शेठ, अशी सगळ्यांची मागितली की फिटतं का?"

ते हसले. "आमच्यात म्हणतात, कर्म धुळीसारखं असतं. रोज बसतं, रोज झाडावं लागतं. पण खरं सांगू? ज्याचं मोठं वाईट केलंय त्याच्या दारी जायला पाय उचलत नाहीत. म्हणून आधी ह्या साऱ्या दुनियेची मागून जिभेला सवय लावतो."

"मग जाता का नंतर त्याच्याकडं?"

"ह्या वर्षी सख्ख्या भावाकडं गेलो," ते म्हणाले. "चहा पाजला त्यानं. बोलला नाही, पण पाजला."

तिथून उठलो. येताना रस्त्यात माझे एक शिक्षक मित्र भेटले. बौद्ध आहेत, वाचन दांडगं, आणि वादात माझी बाजू घेतील अशी मला आशा होती. टपरीवर चहा सांगितला. म्हणालो, "समजा एका माणसाच्या हातनं नुकसान झालं, पण त्याच्या मनात तसं करायचं नव्हतं. बुद्ध तर मन बघायला सांगतो ना?"

"हो. मनातल्या हेतूलाच त्यानं कर्म म्हटलंय."

मला बरं वाटलं. तेवढ्यात त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या ह्या माणसाला कोणी नंतर विचारलं नाही का, कसं झालं म्हणून?"

"विचारलं."

"मग काय म्हणाला?"

मी चहा बशीत ओतला.

"नुकसान झालं तेव्हा मनात नव्हतं, धरून चालू," ते म्हणाले. "विचारलं तेव्हा काय होतं मनात?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बिल तू दे. एका माणसाची गोष्ट सांगणारा नेहमी स्वतःचीच सांगत असतो, बे."

पुढं मग कोणाला विचारायला गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबांकडं गेलो. आबा दारात बसून दावं वळत होते. मावशी चुलीपुढं, सून भांडी घासत होती. मला बघून सुनेचं तोंड उजळलं. काका समजूत घालायला आले असं तिला वाटलं. मला खाली बसायला घोंगडं टाकलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो.

"आबा, तुमची मेंढरं माझ्या फवाऱ्यानं मेली. महिना झालता म्हणालो ते खोटं. दोन दिवसच झालते."

दावं वळणारे हात थांबले. त्यांनी सुनेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूच हसू आलं.

"पोरीनं पाठीवलं व्हय तुमाला?"

"नाही आबा. खरंच सांगतो."

"मालक, तुमी लई भला माणूस. माझं वझं उचलाया आलाव. पण असलं खोटं बोलून तुमी कावून पाप घेताव? ज्याचं कर्म त्यानंच भोगावं."

मी तारीख-वार आठवून सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, खताच्या लोभापायी केलं म्हणालो. ते मान हलवत राहिले. जितकं सांगावं तितका मी त्यांना जास्त थोर वाटत होतो. शेवटी ते सुनेला म्हणाले, "बघ, तुझ्यापायी ह्या माणसाला काय काय बोलावं लागतंय. जा, च्या ठेव."

खोटं बोललो तेव्हा माझा शब्द त्यांनी डॉक्टरांपेक्षा मोठा धरला. खरं बोललो तर तो अंगणात पडला, कोणी उचलेना. कर्माचं फळ म्हणतात ते एखाद्या वेळी असंच हातात येत असेल.

"खरं हाय ते."

मागून आवाज आला. माझी बायको फाटकात उभी होती. माझ्या मागोमाग कधी आली मला कळलं नव्हतं. ती आत आली आणि आबांशी नाही, मावशीशी बोलली.

"कळप यायच्या दिशी सकाळी मी बांधावरली वांगी तोडाया गेलते. वटी भरली होती माझी. ह्यांनी लांबनं हाक मारली, टाकून दे म्हणाले, परवाच फवारा मारलाय, पोरांच्या पोटात जाईल. म्या तिथंच वटी रिकामी केली."

मला हे आठवत नव्हतं. देवाशपथ आठवत नव्हतं. इतकी वर्षं रात्रंदिवस ती सकाळ उगाळली, पण माझ्या लेकरांना मी वाचवलं होतं आणि दुपारी त्याच तोंडानं आबांना आत बोलावलं होतं, हे मनानं कुठंतरी पुरून टाकलं होतं. आणि ही बाई रोज मला भाकरी वाढत होती.

मावशी उठली. हातात फुंकणी होती तशीच.

"म्हंजी माझ्यापायी न्हाई मेली?" ती म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आरं, बोला की! बारा साल मी म्हणते, मेले असते तर बरं झालं असतं, माझ्या ह्या कुडीपायी मुक्या जीवांचा कळप गेला. ह्या माणसाच्या पायाच्या भेगा भरते रात्रीच्याला मेण लावून, आन् म्हणते माझ्यापायी. आन् तू, मुडद्या, मंडप घालतोस? ज्वारी पाठीवतोस?" फुंकणी माझ्या अंगावर आली, खांद्याला लागली. सून मध्ये पडली. बायको हलली नाही, तिने अडवलं पण नाही.

आबांचं मन मात्र वेगळ्याच ठिकाणी गेलं होतं. ते म्हणाले, "मंग एडका?"

"काय आबा?"

"एडका इकला म्या. त्याचं देवाला वाईट वाटलंच न्हाई म्हंता?"

मी म्हणालो, "देवाचं मला माहीत नाही आबा. मेंढरांचं माहीत आहे."

त्यांनी दावं बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठले, माझ्याजवळून गेले, आणि अंगणाच्या कडेला, देवळाकडं तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. जवळ गेलो तर म्हातारा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "रागावला नव्हता की रं तू," असं ते देवाशी बोलत होते. "म्या लेका उगंच तोंड लपवीत फिरलो."

मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी जा आता. तुमचं काय ते मला आज सुधरायचं न्हाई. माफ केलं म्हणावं तर जीभ वळंना. शिव्या द्याव्या तर म्हातारी देऊन ऱ्हायली. जा घरी."

आम्ही निघालो. वाटेत बायकोला म्हणालो, "इतकी वर्षं बोलली कशी नाहीस?"

"तुमी बोलायची वाट बघत होते," ती म्हणाली. "माझं बी चुकलंच. वाट बघायला नको होती." तिने पण आपला वाटा उचलला होता, आणि तो माझ्यापेक्षा कमी आहे असं तिला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गावाला दोन दिवसांत कळलं. मी कोणाला दाबायचा प्रयत्न केला नाही. चुलतभाऊ बोलायचा बंद झाला. पारावर मी गेलो की गप्पा जरा वेळ थांबत. पुढच्या सप्त्यात शाल-नारळाला दुसऱ्या कोणाला तरी उभं करतील, तेच बरं. मेंढरांची भरपाई म्हणून मी जे द्यायला गेलो ते आबांनी घेतलं नाही. मावशीनं घेतलं. "लेकराच्या शाळंला हुईल," म्हणाली, आणि वर एक शिवी दिली. मला ती शिवी बरी वाटली.

दसऱ्याला टोळ्यांचे ट्रॅक्टर गावातून गेले. आबांचा मुलगा आणि सून त्यात नव्हते. दिवाळीच्या आधी तलवाड्याकडून टेम्पो आला आणि त्यातून मेंढरं उतरली. मावशीनं त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं. मी लांबून बघितलं. सुनेनं मला हाक मारली नाही, मी पण गेलो नाही. आबा अजून अनवाणीच फिरतात, मावशी वहाणा आणून ठेवते तर म्हणतात, "आता सवय झाली, चावतेत."

ह्या माघात कापूस निघाल्यावर कळप चुलतभावाच्या रानात बसला. माझ्या रानात बसवा असं म्हणायचं माझं तोंड नाही आणि मी म्हणालो पण नाही. शेणखत आणून टाकलंय मी ह्या साली. तरी सकाळ-संध्याकाळ माझी पावलं आमच्या दोघांच्या रानांमधल्या बांधाकडं वळतात.

परवा असाच उभा होतो. आबा काठी टेकून कळपामागं चालत होते. त्यांनी मला बघितलं होतं, पण बोलले नव्हते. त्या दिवसापासून आमचं बोलणं नाहीच. एक कोकरू कळपातून फुटलं आणि बांध चढून माझ्या नांगरटीत शिरलं, नाचत नाचत. सून पलीकडच्या कडेला होती, मुलगा पाण्याला गेलेला.

"बघत काय ऱ्हायलाव?" आबा ओरडले. "तुमच्या तिकडं चाललंय ते! आडवा की!"

मी पळालो. ढेकळांत वहाण निसटली, ती तिथंच राहिली. पन्नाशीतला माणूस, कोकरू त्याला दाद देईना. इकडून गेलं की तिकडून निघायचं. सून हसत होती, आबा काठी उगारून सांगत होते, "डाव्या अंगानं... अवो, डाव्या! मेंढरामागं कवा गेलताव का न्हाई जिनगीत?"

शेवटी सापडलं. छातीशी धरलं तर त्याचं काळीज धडधडत होतं, माझंही. बांधावर येऊन मी ते पुढं केलं. आबांनी घेतलं, पायांवरून, पोटावरून हात फिरवून बघितलं, नीट आहे असं झाल्यावर खाली सोडलं.

"उद्या बी येताव का हिकडं?" त्यांनी माझ्याकडं न बघता विचारलं.

"येतो."

"मंग लवकर या. ऊन चढलं की लई नाचवतेत बारकी."